भाकरी करणारीही पहिल्या पंगतीला: घरातले एकत्र जेवण कसे बसवावे

कोल्हापुरात दारात आलेल्या पाहुण्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. मात्र त्याच घरातली माणसे सोमवार ते शनिवार एकमेकांबरोबर पानावर बसतातच असे नाही. शिकवणीहून आलेला मुलगा भूक आवरत नाही म्हणून साडेसातला एकटाच जेवतो, आजोबांना गोळ्या घ्यायच्या असतात म्हणून त्यांचे ताट आठच्या आत वाढले जाते, राजारामपुरीतले दुकान बंद करून वडील दहाला घरी येतात, आणि या सगळ्यांना तव्यावरची भाकरी वाढून झाल्यावर मुलांची आई उरलेल्या आमटीबरोबर ओट्यापाशीच दोन घास खाऊन घेते. स्वयंपाक एकदाच झालेला असतो, जेवणे मात्र चार झालेली असतात. ही चार जेवणे एकावर कशी आणावीत, याची रीत पुढे दिली आहे. तिच्यात एक अट सुरुवातीलाच घालणे आवश्यक आहे: स्वयंपाक करणारी व्यक्ती पहिल्या घासाला इतरांबरोबर बसलेली नसेल, तर ते जेवण एकत्र जेवणांच्या हिशेबात धरू नये. पुढच्या बहुतेक सूचना या एका अटीतून निघालेल्या आहेत.

यातून काय मिळते, आणि किती

एकत्र जेवणाच्या फायद्यांविषयी पुष्कळ अतिशयोक्ती केली जाते, म्हणून जे तपासले गेले आहे तेवढेच आधी पाहावे. 'पेडिॲट्रिक्स' या बालवैद्यकाच्या नियतकालिकात २०११ साली १७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्या अभ्यासांत मिळून १,८२,८३६ मुले आणि किशोरवयीन होते. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा कुटुंबासोबत जेवणाऱ्या मुलांमध्ये वजन प्रमाणाबाहेर असण्याची शक्यता १२ टक्क्यांनी कमी, खाण्याच्या विकृत सवयींची शक्यता ३५ टक्क्यांनी कमी आणि पौष्टिक अन्न खाण्याची शक्यता २४ टक्क्यांनी अधिक आढळली. मात्र एकत्र जेवणारी घरे बहुधा इतर बाबतींतही स्थिरस्थावर असतात, त्यामुळे यातले किती श्रेय जेवणाचे आणि किती घराच्या परिस्थितीचे, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किशोरवयीनांमधले नैराश्य, व्यसने आणि गैरवर्तन यांच्याशी एकत्र जेवणाचा दिसणारा संबंध, कुटुंबाची आर्थिक स्थिती आणि आईवडिलांशी असलेले नाते हिशेबात धरल्यावर, बराच आक्रसला. तेव्हा एकत्र जेवण हे औषध समजून सुरू करू नये. रोज काही वेळ घरातल्या सर्वांची तोंडे एकमेकांना दिसावीत, एवढे कारण माझ्या मते पुरेसे आहे; बाकीचे जे मिळेल ते वरकड.

या आकड्यांतून व्यवहारात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे 'आठवड्यातून तीन वेळा' हे माप. सात दिवसांची सात रात्रीची जेवणे एकत्र झालीच पाहिजेत असा निश्चय केलेले घर दुसऱ्या आठवड्यात तो सोडून देते. तीन वेळा मात्र यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याच्या घरीही साधता येतात, आणि त्यात सकाळची न्याहारीही धरता येते.

वेळ शोधणे

आधी एका कागदावर घरातल्या प्रत्येकाच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहून काढाव्यात. रात्रीचे साडेआठ ही वेळ सर्वांना सोयीची असेल असे गृहीत धरून चालू नये. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात दुपारपाळी असलेला माणूस घरी येईपर्यंत मुले झोपलेली असतात; त्या आठवड्यात त्या घराचे एकत्र जेवण सकाळचेच असू शकते, आणि पोह्यांऐवजी भाकरी, भाजी आणि दही असे भरपेट ठेवले तर ते जेवणच होते. करवीर, कागल, राधानगरी या तालुक्यांतल्या गावांत संध्याकाळी धार काढून डेअरीला दूध घालून यायचे असते. तिथे साडेसातच्या आधी चूल पेटावी अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की पाळ्या बदलतात, म्हणून ज्यांच्या घरी कोणी कारखान्यात आहे त्यांनी दिवाळीनंतर हा कागद नव्याने लिहावा. तालमीत किंवा फुटबॉलच्या सरावाला जाणारी मुले उशिरा आणि भुकेली येतात. त्यांना आल्याआल्या केळे, शेंगदाणे-गूळ किंवा कपभर दूध द्यावे. ताट वाढून दिले की त्यांचे जेवण उरकते आणि ती पुन्हा बसत नाहीत.

या शहरात एक जेवण आधीच बहुतेक मांसाहारी घरांत एकत्र होते, आणि ते म्हणजे रविवारचे मटणाचे. सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभा राहिलेला माणूस दुपारी ते एकटा बसून खात नाही. तेव्हा मोजणीची सुरुवात रविवार दुपारपासून करावी, म्हणजे तीनपैकी एक जेवण हाती असते आणि उरलेली दोनच शोधायची असतात. शाकाहारी घरांत हेच स्थान सणावाराच्या किंवा उपवास सोडण्याच्या जेवणाला असते. पहिला महिनाभर उरलेल्या दोन जेवणांचे वारही पक्के ठेवावेत. 'जमेल तेव्हा' असे ठरवले की ते जमत नाही.

वृद्धांचे प्रकरण वेगळे आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची जेवणाची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे ढकलू नये. शक्य असेल तर सगळ्या घराचे जेवणच त्यांच्या वेळेकडे सरकवावे. आठला जेवल्याने तरुणांचे काही बिघडत नाही. तेही जमत नसेल तर त्यांनी आपल्या वेळेला जेवून घ्यावे आणि नंतर सर्वांबरोबर वाटीभर ताक घेऊन बसावे.

भाकरीचा प्रश्न

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. आपल्याकडे ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात आली पाहिजे असा आग्रह असतो, आणि या आग्रहामुळे भाकरी करणारी व्यक्ती जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरात अडकते. पाच-सहा माणसांच्या घरात दहा-बारा भाकऱ्या लागतात. त्या थापून, भाजून, फुगवून काढायला अर्धा तास सहज जातो, आणि नेमक्या त्याच अर्ध्या तासात बाकीचे जेवून उठतात. या घरात एकत्र जेवण नाही याचे खापर मोबाइलवर फोडले जाते. माझ्या मते मोबाइलपेक्षा तवा अधिक जबाबदार आहे. तवा जेवणाआधी खाली उतरला पाहिजे, हा या मार्गदर्शनातला सर्वांत महत्त्वाचा नियम समजावा.

त्यासाठी भाकरी आधी करून ठेवता आली पाहिजे आणि तासाभराने खाल्ली तरी ती मऊ राहिली पाहिजे. दळण ताजे असावे. जुन्या पिठाची विरी म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडेला चिरते आणि गार झाल्यावर मोडते. पीठ कढत पाण्यात उकड घेऊन मळले तर भाकरी अधिक वेळ मऊ राहते. तव्यावरून उतरवलेली भाकरी लगेच बंद डब्यात घालू नये, वाफेने तिला पाणी सुटते. मिनिटभर टोपलीत उघडी ठेवून वाफ जाऊ द्यावी आणि मग सुती फडक्यात गुंडाळून झाकावी. चपातीला ही काळजी कमी लागते, म्हणून ज्या वारी वेळ अपुरा आहे त्या वारी चपाती करावी. आठवड्यातले एक जेवण तर भाकरी-चपातीशिवायचेच ठेवता येते: आकण्या, मुगाची खिचडी, किंवा आमटीभात आणि पापड. कुकर उतरला की त्या दिवशी सगळे मोकळे.

दुसरा उपाय म्हणजे हात वाढवणे. भाकरी थापणे शिकायला वेळ लागतो, पण भाजणे आणि फुगवणे कोणालाही लवकर जमते; एकाने थापावी, दुसऱ्याने तव्यावर पाणी फिरवून उलटावी, तर निम्म्या वेळात काम आटोपते. हा दुसरा माणूस घरातला पुरुष असला तर भाकरी फुगायला कसलीही हरकत घेत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना पाने घेणे, पाणी भरणे, कांदा-लिंबू चिरणे ही कामे वाटून द्यावीत. जेवण तयार करण्यात मुलांचा सहभाग असणे, हे निरोगी आहाराशी जोडल्या गेलेल्या घटकांत संशोधकांनी नोंदवलेले आहे, आणि स्वतः चिरलेली काकडी मूल नाकारत नाही हे कोणत्याही आईला माहीत असते.

तिसरी गोष्ट वाढण्याची. उभे राहून वाढणारा माणूस असेल तोवर तो माणूस जेवत नाही. म्हणून भाकरीची टोपली, भाजीचे पातेले, आमटीची चरवी, भात, चटणी, दही, पाण्याचे तांबे हे सर्व मध्ये आणून ठेवावे आणि प्रत्येकाने आपल्या हाताने वाढून घ्यावे. सुरुवातीला सासूबाईंना किंवा आजोबांना हे खटकण्याची शक्यता आहे. त्यांना पहिली वाढ कोणीतरी करून द्यावी आणि मग बसावे. मान राहतो आणि जेवणही होते.

इथे जरा विषयाच्या बाजूला जाऊन एक गोष्ट सांगावीशी वाटते. कोणी कोणाबरोबर बसून खावे-प्यावे हा या शहरात एके काळी उघड संघर्षाचा विषय होता. पागेतल्या पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रस्त्यावर हॉटेल काढायला मदत केली आणि तिथे थांबून स्वतः चहा घेतला. बसण्याच्या जागेवरून माणसाची प्रतिष्ठा ठरते हे ज्या गावाला इतके स्पष्ट दाखवून दिले गेले, त्या गावातल्या घरांत बायकांनी शेवटी जेवणे हा नुसता सवयीचा भाग मानला जावा, हे विचित्र आहे.

एकच स्वयंपाक, वेगवेगळा तिखटपणा

मुलांसाठी वेगळा पदार्थ केला की ती वेगळ्या वेळी जेवतात. कोल्हापुरी स्वयंपाकात यावर तोड आधीच आहे. मटण शिजवताना निघणारे अळणी लहान मुलांना आणि आजाऱ्याला द्यायचे, नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा ज्यांना तिखट सोसत नाही त्यांना आणि तांबडा बाकीच्यांना, अशी एकाच मटणाची तीन रूपे घराघरांत होतातच. हाच विचार रोजच्या आमटी-भाजीला लावावा. डाळ किंवा उसळ शिजली की कांदा-लसूण चटणी घालण्याआधी मुलांचा वाटा वेगळा काढावा आणि मग उरलेल्यात चटणी घालून उकळी आणावी. खर्डा, ठेचा, वरून घ्यायचे तेल हे पानात डावीकडे वाढायचे पदार्थ आहेत, त्यामुळे मोठ्यांच्या तिखटाची हौस तिथे भागते.

सहा महिन्यांनंतर बाळाला वरचे अन्न सुरू होते आणि वर्षाच्या सुमारास ते घरातल्याच अन्नाकडे वळते. या वयापासून त्याला सर्वांच्या मध्ये बसवावे. मोठ्यांना खाताना पाहूनच ते खायला शिकते. अख्खे शेंगदाणे मात्र इतक्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, ते घशात अडकतात.

खाण्यावरून कटकट करणाऱ्या मुलांसाठी अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली कामांची वाटणी उपयोगी पडते: काय, केव्हा आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे; खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्याकडे याच्या नेमके उलट चालते, म्हणजे काय हवे ते मुलाला विचारतात आणि किती खायचे ते आजी ठरवते. शेपूची किंवा अंबाडीची भाजी पहिल्यांदा नाकारली म्हणून ती कायमची बंद करू नये. नवी चव ओळखीची व्हायला मुलांना आठ-दहा, कधी त्याहूनही अधिक वेळा ती समोर यावी लागते. चमचाभर पानात वाढावी, आपण खावी आणि विषय काढू नये.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका प्रयोगात ५० पालक-मुलांच्या जोड्यांना संध्याकाळच्या जेवणासाठी नेहमीपेक्षा सुमारे दहा मिनिटे जास्त बसवण्यात आले. तेवढ्याने सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनी फळे आणि भाज्यांचे सरासरी सात तुकडे जास्त खाल्ले. पाव किंवा गोड पदार्थ मात्र जास्त खाल्ले गेले नाहीत. फळे-भाज्या तिथे एका घासाच्या आकारात चिरून समोर ठेवलेल्या होत्या, हे विसरू नये. तेव्हा काकडी, गाजर, मुळा, पेरू यांचे बारीक तुकडे करून ताटली मध्ये ठेवावी आणि शेवटचा भात झाल्यावरही दहा मिनिटे कोणी उठू नये. हात वाळले तरी चालतील.

बसण्याची जागा आणि मोबाइल

सगळे एका पातळीवर बसावेत. आजी खुर्चीवर, मुले सोफ्यावर आणि बाकीचे जमिनीवर अशी मांडणी झाली की बोलणे तुटते आणि टीव्ही आपोआप लागतो. ज्या घरात कोणाचे गुडघे दुखतात तिथे सर्वांनीच टेबलाशी बसावे. टेबल लहान असेल तर भिंतीला लावून ठेवू नये, जेवताना मध्ये ओढावे. घरात टेबल नसेल आणि सगळ्यांचे गुडघे धड असतील तर जमिनीवरची पंगत कधीही उत्तम, तिला माणसांच्या संख्येची मर्यादा नसते.

मोबाइलबाबत उपदेशाचा उपयोग होत नाही, जागेचा होतो. चार्जिंगची जागा जेवणाच्या खोलीबाहेर ठेवावी आणि बसण्यापूर्वी मोठ्यांनी आपले फोन तिथे आधी ठेवावेत. वायरमन, डॉक्टर, रुग्णवाहिकेचे चालक अशा ज्यांना फोन उचलावाच लागतो त्यांनी आवाज मोठा करून तो तिथेच ठेवावा. वाजला की उठावे. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. अख्खे गाव दीड तास थांबू शकते, तर एका घराला अर्धा तास जड जाऊ नये. मालिका मात्र अनेकदा जेवणाच्या वेळेलाच असते. तिच्याशी भांडण्यापेक्षा जेवण तिच्या आधी किंवा नंतर ठेवणे शहाणपणाचे.

बोलायचे काय

जेवताना गुण, फी, उधारी, आणि 'शेजारचा बघ' हे चार विषय बंद ठेवावेत. ते महत्त्वाचे असतील, पण त्यांना दिवसाचे बाकीचे तास आहेत. मुलाला 'आज शाळेत काय झाले' असे विचारले की 'काही नाही' असे उत्तर मिळते. त्याऐवजी नेमके विचारावे, जसे की मधल्या सुट्टीत आज कोणाच्या डब्यात काय होते, किंवा शाहू स्टेडियमवरच्या सामन्यात गोल कसा झाला. आधी मोठ्यांनी आपल्या दिवसातली एखादी गोष्ट सांगावी, म्हणजे चौकशीचे रूप जाते.

बॉस्टन परिसरातल्या कुटुंबांच्या एका दीर्घ अभ्यासात असे दिसले की, जेवतानाच्या बोलण्यात नेहमीच्या वापराबाहेरचे शब्द ज्या घरांत अधिक येत, तिथल्या मुलांचा शब्दसंग्रह पुढे मोठा झाला. यासाठी मुद्दाम काही शिकवायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक घरात पंचगंगेचे पाणी किती फुटांवर आले याची चर्चा असते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपले आपण उघडतात, विसर्ग म्हणजे काय, बंधारा पाण्याखाली गेला की कोणते रस्ते बंद होतात: हे सगळे मोठ्यांनी आपापसांत नीट बोलले आणि मुलाने मध्येच विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिले, तरी पुष्कळ झाले. ज्यांनी २०१९ चा महापूर पाहिला आहे त्यांच्याकडे सांगण्यासारखे बरेच असते.

किशोरवयीन मुले बोलत नसतील तर त्यांना बोलते करण्याचा हट्ट धरू नये. ती बसली आहेत आणि ऐकत आहेत एवढे पुरे. वाद पेटलाच तर तो ताटे उचलल्यावर पुढे चालवायचा, असा नियम सर्वांनी मिळून आधीच करून ठेवावा. अन्नावरून कोणी उठून जाण्याची वेळ येऊ देऊ नये.

खरकटे

जेवण एकत्र झाले आणि भांडी एकाच व्यक्तीच्या वाट्याला आली, तर ती व्यक्ती महिन्याभरात या उपक्रमाला कंटाळते, आणि तिचे कंटाळणे रास्त असते. प्रत्येकाने आपले ताट उचलून, खरकटे काढून, पाण्यात बुडवून ठेवावे. उरलेले अन्न लहान भांड्यांत काढणे, जागा पुसणे आणि ओटा आवरणे ही तीन कामे वारांप्रमाणे वाटावीत आणि वेळांच्या त्याच कागदावर खाली लिहून तो स्वयंपाकघरात लावावा. बुडवून ठेवलेल्या ताटांवरून वाद होऊ नये यासाठी ती रात्रीच घासायची की सकाळी मावशी येणार आहेत, हेही त्यावर लिहावे. आणि मावशी ज्या दिवशी सुटी घेतात त्या दिवसासमोर घरातल्या एका पुरुषाचे नाव घालावे.